'आर्ट्सला स्कोप नाही' हे कोण सांगतं?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आर्ट्सला स्कोप नाही." सायन्सला नंबर लागला नाही, बाकी कशाची फी परवडली नाही, म्हणून उरलं ते आर्ट्स! आम्ही विचारतो, हा स्कोप मोजला कुणी?

पुण्याचाच इतिहास बघा. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे हिंदू कॉलेज काढलं. पुढे तेच डेक्कन कॉलेज झालं. पैसा होता पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा. शिकणारे ब्राह्मण आणि विषय संस्कृत शास्त्रं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की भाषा शिकून काय मिळणार? ग्रंथ ज्याच्या हाती, निवाडा त्याच्या हाती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच पुण्यात १८४८ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे, मातंग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. तिच्याकडे ना सत्ता होती, ना पैसा. होती ती लिहिता येणारी भाषा.

आणि बाबासाहेब? शाळेत त्यांना संस्कृत नाकारलं गेलं, फारशी घ्यावी लागली. बी.ए.ला त्यांचे विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. कोलंबियात त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञानही अभ्यासलं. जातिव्यवस्थेवरचा त्यांचा पहिला गाजलेला निबंध मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. ज्या विषयांनी आपल्याला संविधानाचा शिल्पकार दिला, ते विषय 'उरलेसुरले' कसे?

कुणी म्हणेल, पोटाचं काय? प्रश्न रास्त आहे. गावाकडून पुण्यात येऊन, कॉट बेसिसवर राहून शिकणाऱ्या पोराला आम्ही उपाशीपोटी तत्त्वज्ञान शिक म्हणणार नाही. पण नोकऱ्या गेल्या कुठे? कॉलेजांमध्ये प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली आपली मुलं तासिका तत्त्वावर राबतात. कायम पद भरलंच नाही, तर त्यावरचं आरक्षण कागदावरच मरतं. आरक्षण रद्द करायला कायदा बदलावा लागत नाही, भरती थांबवली तरी पुरते. आधी नोकऱ्या आटवायच्या आणि मग म्हणायचं, स्कोप नाही!

आपण इतिहास, भाषा, समाजशास्त्राचे वर्ग सोडले म्हणून ते विषय बंद पडत नाहीत. पाठ्यपुस्तकं लिहिली जातातच, फुले-आंबेडकरांवर प्रबंधही होतात. फक्त लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो, आणि आपण त्याच्या मजकुरावर निषेधाची पत्रकं काढत बसतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. प्राध्यापकांची पदं बिंदुनामावलीनुसार भरा. शिष्यवृत्ती वर्ष सरल्यावर नाही, वेळेवर द्या. आणि मित्रांनो, पाली घ्या, इतिहास घ्या, मराठी घ्या, नाइलाज म्हणून नाही, ठरवून घ्या. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. पाटीवर सावित्री आली. आता वर्गात मुक्ता साळवे बसली पाहिजे, आणि फळ्यापाशीही तीच उभी राहिली पाहिजे.

जय जोती! जय भीम!