मधमाशी कंपनीने नाही, आपण घालवली



परवा चाकणच्या मार्केटात माल खाली केला आणि चहाला थांबलो. तिथं विषय निघाला कांद्याच्या बियाण्याचा. यंदा डेंगळ्याला बीच धरलं नाही, गोंडे दिसायला भरलेले पण चोळले की नुसता भुसा. एक जण म्हणाला, "कंपन्यांच्या धुरानं मधमाशी गेली, बी कुठून धरणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा संपला, विषय संपला.

मी तिथं गप्प बसलो, म्हणून आज लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

एमआयडीसीमुळं जमिनी गेल्या, रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, हे खरंच आहे. त्या झाडांवर आग्याची पोळी असायची. पण माझ्या डेंगळ्याच्या प्लॉटमध्ये कुठल्या कंपनीचा मॅनेजर पंप पाठीवर घेऊन आला नव्हता. पंप माझ्या पाठीवर होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळीतला निवडक, एकसारखा, टिकलेला कांदा ठेवून मी घरचं बी करतो. १० गुंठे डेंगळे होते. फेब्रुवारीत फुलोरा ऐन भरात, आणि थ्रिप्स दिसले. दुकानात गेलो. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, स्टिकर आणि वर टॉनिक, असं सगळं एकाच टाकीत घालून मारा म्हणाले. सकाळी १० वाजता मारलं. प्लॉटमध्ये माशांचा घूं घूं आवाज चालू होता, मला तो ऐकूही येत होता. तरी मारलं. दुसऱ्या दिवशी दांड्यांच्या बुडाशी फुलोरी माशा मरून पडलेल्या. काही अजून गोल गोल फिरत होत्या. नंतर दोन आठवडे प्लॉटमध्ये आवाजच नाही.

आदल्या साली तेवढ्याच १० गुंठ्यांत ४० किलो बी झालं होतं. त्या साली १४ किलो. रोपाला बी कमी पडलं, ते विकत आणलं. घरचं बी तेवढं मागं पडलं. मी मात्र गावभर सांगत फिरलो की हवामान खराब होतं.

औषधाचं घडीपत्रक मी पिकं निघाल्यावर वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, मधमाश्यांना विषारी, माश्या फिरत असताना फवारू नये. दुकानदाराला दोष देऊन काय करू? वाचायला मला कुणी अडवलं नव्हतं. दहावी पास आहे मी.

आता कांद्याला माशी का लागते ते नीट समजून घ्या, कारण इथंच आपली चूक होते. कांद्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, पण दोघं एका वेळी तयार होत नाहीत. पराग आधी सुटतो, मादी भाग नंतर तयार होतो. त्यामुळं फुलाचं स्वतःचं स्वतः भागत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी न्यायलाच लागतो. वाऱ्यानं ते काम नीट होत नाही, किड्यानंच होतं. एका बोंडात तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन, म्हणजे सहा बिया धरू शकतात. तुमचा गोंडा हातात घ्या, बोंडं फोडा आणि मोजा. एकेक, दोन-दोनच बिया निघाल्या तर आधी परागीभवनाकडं बघा, खताचा आणखी एक डोस नंतर. त्या साली माझ्या बोंडांत एक निघाली तर निघाली.

आणखी एक. कांद्याच्या फुलातला रस माशीला फार आवडीचा नसतो, त्यात पोटॅशचं प्रमाण जास्त असतं. शेजारी मोहरी किंवा सूर्यफूल फुललं असेल तर ती तिकडं जाते. म्हणजे आपल्या डेंगळ्यावर माशी येते ती आधीच नाइलाजानं आल्यासारखी. तिचं स्वागत आपण करतो फिप्रोनील, इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामनं. ही तिन्ही मधमाशीला अतिशय घातक. यातल्या इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झामचा उघड्या शेतातला वापर युरोपनं २०१८ साली बंद केला.

फवारणी ही एक गोष्ट झाली. बाकीचंही आपलंच आहे. बांधावर तणनाशक मारून बांध चकाचक करायची स्पर्धा लागली आहे. एकदांडी, कुर्डू, टाकळा सगळं जळून जातं. डेंगळे तीन-चार आठवडे फुलतात, बाकीचे अकरा महिने माशीनं काय खायचं? फुलोरी बिचारी झुडपात एवढंसं एकच पोळं करते, ते झुडूप आपण पेटवतो. सातेरी झाडाच्या ढोलीत नाहीतर जुन्या विहिरीच्या कपारीत राहते, ती ढोली आपण सरपणाला तोडली. आणि भामचंद्र, भंडाऱ्याच्या डोंगराला उन्हाळ्यात वणवा लागतो, तो काय दर वेळी आपोआप लागतो का? ज्या डोंगरावर तुकोबांचं नाव घेऊन आपण जातो, तिथं विडी टाकून खाली उतरायचं आणि वर कंपनीच्या धुराला नावं ठेवायची!

एक भाऊ म्हणतील, "फवारलं नाही तर थ्रिप्स आणि करपा पीक खाऊन टाकतील, मग माशीचं काय लोणचं घालायचं?" फवारू नका असं मी म्हणतच नाही. दांडे निघायच्या आणि फुलं उमलायच्या आधी काय ती फवारणी उरका. लागवडीच्या आधी कडेनं मका-गव्हाच्या ओळी लावा, थ्रिप्सला आडोसा होतो. ही शिफारस आपल्याच राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची आहे. ही संस्था १९९८ पासून आपल्या तालुक्यात आहे, आणि आपण सल्ला घ्यायला जातो दुकानात. निळे चिकट सापळे लावा. फुलोऱ्यात अगदीच गळ्याशी आलं तर दिवस मावळल्यावर, माशी घरी गेल्यावर, एकच औषध, तेही पत्रक वाचून. चार औषधांची भेळ नको.

दुसरे म्हणतील, "पेट्या भाड्यानं आणू." आणा, चांगलंच आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथं शिकूनही घ्या. पण पेटीतली माशी तुमच्या सातबाऱ्यावर थांबत नाही. तुम्ही फवारलं नाही आणि शेजाऱ्यानं सकाळी नऊला फवारलं, तर पेटी रिकामी. म्हणून हे एकट्याचं काम नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या शिवारात डेंगळे आहेत तिथं फुलोऱ्याचे तीन-चार आठवडे दिवसा कुणीच फवारायचं नाही, असं गावानं बसून ठरवावं. पाण्याच्या पाळ्या आपण ठरवतोच की. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव झालं. आपल्याला मधाचं गाव नाही झालं तरी चालेल, बियाचं गाव तरी राहू द्या.

कृषी पदवीधर मित्रांनाही सांगणं आहे. तुम्ही चिठ्ठीवर औषध लिहिता, प्रमाण लिहिता. पीक फुलोऱ्यात आहे का, हे विचारून वेळही लिहा. शेतकरी चिठ्ठीचं ऐकतो, पत्रक वाचत नाही.

आणि कंपनीत कामाला जाणाऱ्या, पिंपरी-चिंचवडला सोसायटीत राहणाऱ्या आपल्याच पोरांनो, शेडवर किंवा टाकीखाली आग्याचं पोळं दिसलं की लगेच औषध मारणाऱ्याला बोलावू नका. न मारता पोळं हलवणारी माणसं असतात, त्यांना शोधा. ते पोळं वरच्या मजल्यावर असलं तरी त्यातली माशी बापाच्या रानात येते.

मी गेली तीन वर्षं फुलोऱ्यात पंप घरात ठेवलाय. दक्षिणेकडचा बांध तसाच गबाळा सोडलाय, लोक हसतात. यंदा १० गुंठ्यांत ३३ किलो बी निघालं. चाळीसला अजून पोचलो नाही, कारण माझ्या प्लॉटपासून दोन बांध सोडून अजून सकाळी पंप चालतो. तो पंप कुणाचा आहे, ते त्याला माहीत आहे. हे वाचून त्यानं घरी यावं, चहा मी पाजतो.