अपील दाखल झाले म्हणजे निकाल थांबला असे नव्हे



खटला जिंकणे आणि जिंकलेले प्रत्यक्ष हाती पडणे, या दोन गोष्टींत आपल्या देशात किती अंतर आहे, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका आकड्याने दाखवून दिले. हुकूमनाम्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून केलेल्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती देशभरात प्रलंबित होत्या. या विलंबाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका कारणाविषयी, म्हणजे अपिलात मिळणाऱ्या स्थगितीविषयी, आपल्या भागात बराच गैरसमज आढळतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

हरलेल्या पक्षाने अपील केले की निकाल आपोआप गोठतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायदा याच्या नेमका उलट आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ४१, नियम ५ स्पष्ट सांगतो की, केवळ अपील केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. ती स्वतंत्र अर्ज करून मागावी लागते आणि न्यायालयाची तीन बाबतींत खात्री पटावी लागते. स्थगिती न दिल्यास अर्जदाराचे भरीव नुकसान होण्याचा संभव असावा. अर्ज विनाकारण उशिरा केलेला नसावा. आणि पुढे जो अंतिम निकाल लागेल त्याचे पालन होईल, यासाठी अर्जदाराने तारण दिलेले असावे.

या तिसऱ्या अटीतच सारे मर्म आहे. स्थगितीमुळे हरलेल्याला आधार मिळतो, परंतु तिचा भार जिंकलेल्याच्या खांद्यावर पडतो. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधील एका जागेचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील भाडेकरूला जागा सोडण्याचा आदेश झाला होता. दरमहा भाडे होते ३७१ रुपये ९० पैसे. अपील न्यायाधिकरणाने स्थगिती दिली, पण दरमहा १५,००० रुपये भरण्याच्या अटीवर. उच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये ती पुन्हा कायम केली. निष्कासनाचा आदेश झाल्यानंतरही जागेचा उपभोग घ्यायचा असेल, तर जुन्या भाड्यावर भागणार नाही, हे त्यामागील तत्त्व होय. मुंबईतील एका प्रकरणात तर भाडेकरू स्वतः महाराष्ट्र शासनच होते. तेथेही २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले.

सप्टेंबर २०२५ मध्ये या विषयाला नवे वळण मिळाले. एका व्यापारचिन्हाच्या वादात ॲमेझॉन समूहातील कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी सुमारे ३४० कोटी रुपयांचा हुकूमनामा केला होता. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने एक पैसाही जमा न करवता त्याला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मात्र निकाल वरवर पाहताही टिकण्याजोगा नसेल, त्यात उघड बेकायदेशीरपणा असेल, अशा अपवादात्मक परिस्थितीतच विनाठेव स्थगिती द्यावी, असे न्यायालयाने बजावले आहे. आमच्या मते धोका येथेच आहे. मोठ्या पक्षकारांचे वकील यापुढे प्रत्येक प्रकरण अपवादात्मक असल्याचे सांगतील. अपवादच नियम झाला, तर हानी सामान्य माणसाची होईल.

आदिलाबादच्या शेतकऱ्याला हा प्रश्न दूरचा नाही. पैनगंगेवरील चनाखा-कोरटा बंधाऱ्यासारख्या प्रकल्पांसाठी शेतजमिनी घेतल्या जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार वाढीव मोबदल्याचा निवाडा झाला, तरी त्यावर उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि आपले उच्च न्यायालय सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबादला आहे. जमीन तर गेलेली असते. पैसाही स्थगितीत अडकला, तर त्या कुटुंबाने जगावे कशावर? सरकारकडून तारण मागू नये असा नियम संहितेत आहे खरा. परंतु २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधील एका लवाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पैशाच्या निवाड्याला स्थगिती मागताना सरकारला वेगळी वागणूक मिळणार नाही.

म्हणून जिंकलेल्या पक्षाने स्वस्थ बसू नये. अपील होण्याची शक्यता दिसताच वरच्या न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस चालते आणि आपले म्हणणे ऐकल्यावाचून स्थगितीचा आदेश सहसा होत नाही. स्थगिती मिळालीच, तर रक्कम न्यायालयात जमा व्हावी व तिचा काही भाग आपणास उचलता यावा, अशी विनंती करावी. हरलेल्या पक्षानेही मुदत पाळावी: जिल्हा न्यायालयातील अपिलास ३० दिवस, तर दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात ९० दिवस. मुदत टळल्यावर केलेल्या अपिलात, विलंबमाफीचा विचार करून न्यायालय अपील ऐकण्याचे ठरवीपर्यंत, स्थगिती देता येत नाही. आणि अंमलबजावणी होऊन गेली तरी सर्व संपले असे मानू नये. अपिलात निकाल फिरल्यास कलम १४४ अन्वये घेतलेले परत मिळवता येते.

खालचे न्यायालय चुकू शकते, म्हणून स्थगितीची सोय आवश्यकच आहे. परंतु त्या चुकीच्या नुसत्या शक्यतेची किंमत जिंकलेल्या दुर्बळाने वर्षानुवर्षे मोजावी, हे न्यायाला धरून नाही. स्थगिती मागणाऱ्याने काहीतरी पणाला लावलेच पाहिजे, हा जुना नियम त्यासाठीच आहे. तो न्यायालयापुढे आग्रहाने मांडणे आपल्या हाती आहे.

कळावे.