नकाशात आईची पाटी कुठाय?

मी पोलादपूरचा. आई महाडात एका बागेच्या फाटकाशी चणे-शेंगदाण्याची पाटी घेऊन बसते. परवा एक साहेब म्हणाला, "म्हातारे, ऊठ. बाग सुधारायचीय." मी नकाशा बघितला. कारंजं आहे, दिवे आहेत, सेल्फी पॉइंट आहे. आईची पाटी नाही. सुधारणा म्हणजे गरीब पुसून काढणं काय रे?

अरे, हे महाड आहे! १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. ठराव कपाटात, पाणी तळ्यात, आमचा बाप तहानलेला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा ठरावाला जीव आला. सवर्णांनी गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. आज त्यालाच सुशोभीकरण म्हणतात. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेस्तोवर कुणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते, तेही निवडून आलेले. त्यांत एक-तृतीयांश बाया. मग नकाशा काढताना आईला कुणी विचारलं?

बाग आम्हालाही हवी. आमच्या पोरांना अंगण नाही. पण बागेत नळ, संडास, सावली हवी आणि फाटकाशी हक्काचे ओटे. मेहेरबानी नको.

पोरांनो, कायदा खिशात घाला, नकाशाच्या बैठकीत घुसा. तळ्याचं पाणी मागून मिळालं नाही. फाटकाजवळची चार फूट जागाही मागून मिळणार नाही.

जय भीम!