रापणीला साखळदंड कशाला?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा बघ्यांचे लक्ष मासळीकडे असते. वस्तुत: पाहण्यासारख्या असतात त्या ओढणाऱ्यांच्या दोन रांगा. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे दोरांनी ओढत आणतात. ते जाळे कुणा एकाचे नसते. त्याचे तुकडे घराघरांतून आलेले असतात आणि मासळी विकली की ज्याचा त्याचा वाटा ठरल्या रीतीने ज्याला त्याला मिळतो. धनी कुणी नाही, तरी गोंधळ नाही. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या रेट्यात रापण आज क्षीण झाली आहे हे खरे. तथापि विकेंद्रीकरण म्हणजे काय, हे सिंधुदुर्गाने परदेशी पुस्तिका वाचून शिकावे, अशी वेळ अद्याप आलेली नाही.

याची आठवण देण्याचे कारण असे की, विकेंद्रीकरणाच्या नावाने सध्या एक निराळाच माल विकला जात आहे. समाजमाध्यमे बड्या कंपन्यांच्या मुठीतून सोडवायची असतील तर ती ब्लॉकचेनवर, त्यातही स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट चालविणाऱ्या ब्लॉकचेनवर उभी केली पाहिजेत, असा हा दावा आहे. रोग खरा आहे, यात शंका नाही. मासळीचा भाव, बोटीची वेळ, मुंबईच्या चाकरमान्यांचे गणपतीला येण्याचे बेत, वाडीच्या देवळाचा हिशेब, हे सारे आज व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. आणि व्हॉट्सअ‍ॅप २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या एका कंपनीची यंत्रणा बिघडली, तेव्हा सुमारे सहा तास जगभरचे व्यवहार खोळंबले. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, पार्सेकर या दशावतारी कंपन्यांच्या नाटकांची जी चित्रणे रसिकांनी यूट्यूबवर चढविली आहेत, ती तेथे राहतील की नाही, हेही कॅलिफोर्नियात ठरते. रोगाविषयी वाद नाही. वाद आहे तो वैद्याविषयी.

ब्लॉकचेन ज्या अडचणीवर काढलेला उपाय आहे, ती अडचण मुळात समाजमाध्यमाची नाहीच. एकच रुपया एकाच वेळी दोघांना देता येत नाही. बँक नसेल, परस्परांवर विश्वास नसेल, तर तो रुपया आधी कुणाला दिला याचा क्रम साऱ्या जगाने एकमताने मान्य करावा लागतो. आणि ते एकमत घडविण्यासाठी हजारो संगणकांना तीच नोंदवही सतत पडताळावी लागते. निरोपाचे तसे नाही. ‘तारकर्लीला बांगडा लागला’ हा निरोप एकाला सांगितला काय आणि शंभरांना सांगितला काय, तो खर्च होत नाही. त्यात दोनच गोष्टी हव्यात: तो ज्याचा म्हणून सांगितला जातो त्याचाच आहे याची खूण, आणि एक जागा बंद पडली तरी दुसरीकडे त्याची प्रत. पहिलीसाठी डिजिटल स्वाक्षरी पुरते, दुसरीसाठी नकला पुरतात. त्यासाठी साऱ्या जगाच्या एकमताची गरज कोठून आली?

गरज नसताना ते एकमत लादले की काय होते, हे डिसेंबर २०१७ मध्ये दिसले. एथेरियम या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या साखळीवर आभासी मांजरे विकत घेण्याचा एक खेळ निघाला, आणि त्या मांजरांनी सारी साखळी तुंबवली. जेथे मांजरांची दाटी सोसत नाही, तेथे चतुर्थीच्या सकाळी निघणारे शुभेच्छांचे लोंढे कसे सोसणार? शिवाय अशा मूळ साखळीवर प्रत्येक नोंदीला शुल्क, ते त्या साखळीच्या नाण्यात. ते नाणे विकत घ्या, सांभाळा, आणि त्याच्या विक्रीत नफा झालाच तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेला ३० टक्के कर भरा. आजीला नातवाचा फोटो पाठविण्यासाठी हा संसार कुणी मांडायचा?

पण खर्चापेक्षा गंभीर गोष्ट मालकीची आहे. ‘येथे धनी नाही’ ही या मंडळींची मुख्य घोषणा. स्टीम या साखळीचा इतिहास त्यांनी एकदा सविस्तर सांगावा. २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ती सुरू केली. लेख लिहा, मते मिळवा, नाणी कमवा, असा तिचा व्यवहार होता. साखळी चालविणारे वीस ‘साक्षीदार’ मतदानाने निवडले जात; मात्र मत माणशी एक नव्हते, ज्याची नाणी अधिक त्याच्या मताला वजन अधिक. स्थापनेच्या वेळीच कंपनीने स्वत:साठी नाण्यांचा मोठा साठा करून ठेवला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन या धनाढ्याने ती कंपनीच विकत घेतली. धास्तावलेल्या साक्षीदारांनी त्याची नाणी गोठविली. तेव्हा मार्चच्या आरंभी काही मोठ्या नाणेबाजारांनी ग्राहकांनी ठेव म्हणून ठेवलेली नाणी मतदानाला लावली, आणि जुने साक्षीदार एका फटक्यात पदच्युत झाले. ज्यांची नाणी त्यांना पत्ताही नव्हता! टीका झाल्यावर बायनान्सने आपली मते मागे घेतली, पण व्हायचे ते होऊन गेले. २० मार्च २०२० रोजी असंतुष्टांनी ‘हाइव्ह’ नावाची वेगळी साखळी काढली. मे महिन्यात मूळ साखळीवर विरोधकांच्या खात्यांतली नाणी काढून घेण्यात आली. कुणालाही बदलता येणार नाही असे जिचे वर्णन होते, ती नोंदवही पैसेवाल्याने अशी बदलली. रापणीत वाट्याला हिशेब असतो, पण रापण कुणी बाहेरून येऊन विकत घेत नाही.

स्टीमवर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट नव्हते, असा बचाव होईल. मग फ्रेंड टेक पाहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये निघालेल्या या माध्यमात माणसांचे ‘हिस्से’ स्मार्ट कॉन्ट्रॅक्टद्वारे विकत घेता येत. गप्पा मारण्यासाठी आधी माणसाचा हिस्सा घ्यायचा, अशी ही मैत्री! वर्षभरात गर्दी ओसरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कर्त्यांनी कॉन्ट्रॅक्टचा ताबा कुणाच्याच नसलेल्या पत्त्यावर सोडून दिला. घर सोडताना किल्ली समुद्रात फेकली, एवढेच. आणि जे शहाणे आहेत, ते काय करतात? फारकास्टर या माध्यमाने ओळखपत्राची नोंद साखळीवर ठेवली. लोकांचा मजकूर मात्र साखळीबाहेरच्या यंत्रांवर ठेवला. म्हणजे संवादाला साखळी लागत नाही, ही कबुली साखळीवाल्यांच्याच आचरणात आहे.

साखळी सर्वत्र निरुपयोगी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गडचिरोलीतील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन साखळीवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दाखला बनावट निघू नये, वर्षानुवर्षे तसाच राहावा, ही तेथील गरज. दाखला टिकावा लागतो. बोलणे मात्र कधी मागेही घेता यावे लागते. सोळा वर्षांच्या मुलाने रागाच्या भरात लिहिलेली ओळ, कुणी परस्पर चढविलेले मुलीचे छायाचित्र, ही कधीच पुसता येऊ नयेत, हे कोणत्या कुटुंबाला चालेल? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने स्वत:ची माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. न पुसणारी वही आणि हा हक्क एकत्र नांदणार कसे?

साखळीवाचूनचे मार्ग नाहीत असेही नाही. ईमेल पन्नास वर्षे तशीच चालली आहे: तुमची पेढी वेगळी, माझी वेगळी, पत्र पोहोचते. त्याच रीतीने चालणारे मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीत ऑयगेन रोश्को यांनी सुरू केले. ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब नियमावलीवर ते चालते, तिला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. नॉस्टर केवळ स्वाक्षऱ्यांवर आणि साध्या टपालचौक्यांवर चालते. किनाऱ्याला सर्वांत जवळचे वाटावे असे उदाहरण मात्र स्कटलबटचे. न्यूझीलंडचे डॉमिनिक टार शिडाच्या नौकेवर राहत. इंटरनेट मिळे तेव्हा मिळे. म्हणून त्यांनी अशी रचना केली की प्रत्येकाने स्वत:ची स्वाक्षरीची रोजनिशी ठेवायची आणि दोन यंत्रे भेटली की त्यांनी परस्परांच्या रोजनिश्या उतरवून घ्यायच्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची वीज गेली, संपर्क तुटला, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना या रचनेचे मोल वेगळे सांगायला नको. जगाशी सतत जोडलेल्या साखळीची मात्र अशा वेळी वाट पाहत बसावे लागले असते.

या मार्गांतही उणिवा आहेत. मॅस्टोडॉनच्या एखाद्या सर्व्हरचा चालक लहानसा संस्थानिक होऊन बसतो, आणि ब्लूस्कायचा बहुतांश कारभार अद्याप एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहे. पण संस्थानिक आवडला नाही तर तेथून बिऱ्हाड हलविता येते, हा फरक लहान नाही.

या ठिकाणी स्वदेशीच्या समर्थकांनीही स्वत:ला एक प्रश्न विचारावा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रुसलेले डावे मॅस्टोडॉनकडे गेले, तेव्हा त्यांची थट्टा झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्विटर आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली, तेव्हा राष्ट्रवादी मंडळी ‘कू’वर गेली. कू स्वदेशी होते, मराठीत लिहू देत होते, आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले. एकाच कंपनीची एकच पेढी; ती मिटली आणि तिच्यावरचा मराठी संसारही मिटला. थट्टा झालेल्यांचे सर्व्हर अद्याप चालू आहेत. मालक भारतीय असणे चांगलेच, पण रापणीला मालक भारतीय असून भागत नाही.

एखाद्या वाडीने स्वत:चा असा सर्व्हर ठेवायचा तर नावाची नोंदणी वर्षाला काही शे ते हजार रुपयांत होते, लहानसे यंत्र भाड्याने मिळते, आणि ते सांभाळू शकणारी संगणक शिकलेली मुले कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीत आहेत. जत्रेतल्या एका दशावतारी नाटकासाठी मंडळ याहून अधिक वर्गणी गोळा करते.