राऊटर कोणत्या खोलीत?

घरी इंटरनेट घेताना आपण दोन गोष्टी विचारतो : प्लॅन किती एमबीपीएसचा आणि राऊटरला अँटेना किती. घरात अभ्यास कोण, कुठे बसून करतं, हे कुणी विचारत नाही.

जुन्या नाशकात, भद्रकाली, कथडा, चौक मंडई भागात, बरीच घरं अरुंद आणि आत लांबवर गेलेली. जुन्या वाड्यांच्या भिंती तर चांगल्याच जाड. वायर ओढणारा बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी डबा ठोकतो आणि जातो. तिथे पाहुणे, तिथे मुलगे. मुलगी आत, दोन भिंतींपलीकडे. 2020 च्या टाळेबंदीत मी मोबाईलवर वर्ग घ्यायचो, तेव्हा तुटक आवाज जास्त करून मुलींचेच यायचे.

5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीत लवकर अडते. 2.4 ची संथ, मात्र लांब पोहोचते. गल्लीत घरोघरी तीच वापरात, म्हणून तिच्यावर गर्दी. राऊटर दोन्ही बँडचा घ्यावा हे खरंच. पण तीनशेचा प्लॅन घेऊनही भिंत पातळ होत नाही! माझं मत स्पष्ट आहे : जोडणीच्या दिवशीच वायर मधल्या खोलीपर्यंत ओढून घ्या. ते जमत नसेल तर लॅन केबल टाकून आतल्या खोलीत दुसरा साधा राऊटर लावा. फायबर असेल तर टेलिफोनच्या तारेवरचा जुना मोडेम चालत नाही, तो कुणी स्वस्तात देत असला तरी घेऊ नका.

आणि टीव्हीचं काय, असं घरात कुणी म्हणेलच. टीव्हीलाही केबल जोडता येते.