मोजून तर बघा की राव!

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो. काकांचा ट्रक घरासमोर नाही, तर शाळेपुढच्या उतारावर उभा! का, तर सेल मारला की सेल्फ कण्हत कण्हत फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही. उतारावर ढकलून तरी सुरू होतो. पण लोणंदच्या मार्केटमध्ये कांद्याने भरलेली गाडी अशी अडकली तर ढकलणार कोण?

तोवर काकांनी दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या होत्या (तीस हजार, तेही उधारीवर). सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले होते. फरक शून्य. मग बदलायचं काय राहिलं? ड्रायव्हर! "हाच रात्रभर टेप लावून झोपतो आन् बॅटरी उतरवतो," हे काकांचं निदान. या महिन्यानंतर त्यांना कामावर ठेवायचं नाही, असंही ठरलेलं. ड्रायव्हरमामा बिचारे एकच सांगत होते, "मालक, सेल मारताना हेडलाईट लई डिम होत न्हाई. बॅटरी डाऊन असती तर झाली असती की." कोणी ऐकलं नाही. खरं सांगतो, आधी मीही नाही.

माझ्या बॅगेत मल्टिमीटर होता (हो, मी तसला माणूस आहे). बंद गाडीत दोन बॅटऱ्या मिळून २५.४ व्होल्ट. उत्तम. पण बंद गाडीत सगळंच उत्तम दिसतं. करंट वाहत नसेल तर खराब जोडही गुपचूप बसून असतो. मेकॅनिकने अर्थिंगला टेस्ट लॅम्प लावून पाहिला होता, तो लख्ख पेटला. पेटणारच! बल्बला एखाद-दोन अँपिअर पुरतात, ट्रकच्या सेल्फला काहीशे लागतात.

म्हणून गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक लावला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून ठेवली आणि मामांना सांगितलं, "मारा सेल, पाचच सेकंद." बॅटरीवर २२ व्होल्ट, सेल्फवर १८.५. म्हणजे साडेतीन व्होल्ट वाटेतच गडप! मग वाटेचे तुकडे केले. दोन सेलच्या मध्ये सेल्फला थंड होऊ देत होतो. पॉझिटिव्ह केबलवर ०.४. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसीपर्यंत ०.२. आणि चॅसीपासून इंजिनपर्यंत तब्बल २.९!

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते चॅसीला जोडायला एक विणलेली अर्थिंगची पट्टी असते. बोल्ट खोलला तर पट्टीखाली गंज आणि रंगाचा जाड थर. पासिंगला नेण्याआधी चॅसी रंगवली होती ना! काचपेपरने घासून लख्ख केलं, पट्टी घट्ट आवळली, वरून व्हॅसलीन फासलं. सेल मारला... पहिल्या झटक्यात गाडी सुरू.

४०० अँपिअर धरले तर २.९ व्होल्ट म्हणजे फक्त ०.००७ ओहम. ओहम मोजायला गेलो असतो तर साध्या मीटरला दिसलंही नसतं. ओहमचा नियम आपण सगळे शाळेतच शिकतो. मी तर इंजिनिअरिंगलाही शिकलो, मार्कही मिळवले. वापरला कधी? शनिवारी.

मेकॅनिकला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सेल्फ मंद म्हटल्यावर बॅटरीवर संशय घेणं चूक नाही, बरेचदा तीच असते. पण आपण त्याला पार्ट बसवायचे पैसे देतो, शोधायचे देत नाही. "अर्धा तास मोजलं, पाचशे रुपये," असं तो म्हणाला तर आपणच भांडू. मग तो तरी का मोजेल? आमच्या ऑफिसमध्ये वेगळं काय चालतं? सर्व्हर स्लो, वाढवा रॅम. तरीही स्लो? मग नव्या पोराने काहीतरी केलं असणार.

अंदाज फुकट असतो असं आपल्याला वाटतं. त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, एवढंच.

असो. काका मामांना सॉरी वगैरे म्हणाले नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणाले, "उद्या लोणंदला तूच जा गाडी घेऊन." आणि माझा मल्टिमीटर ठेवून घेतला!