दामदुप्पट : एका शब्दाची उलटी चाल

मंडळी, आजच्या पोरांना 'दामदुप्पट' म्हटले की ठेवीची जाहिरात आठवते. पैसे गुंतवा, दुप्पट न्या! या शब्दाचा मूळ अर्थ नेमका उलटा, ऋणकोला वाचवणारा. व्याज कितीही वर्षे थकले तरी धनकोने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचे नाही. शंभराचे फार तर दोनशे.

इंग्रज सरकारने १८५५ साली व्याजावर मर्यादा घालणारे कायदे रद्द केले. सावकारांना रान मोकळे झाले का? नाही. 'धोंडू जगन्नाथ विरुद्ध नारायण रामचंद्र' या १८६३ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की त्या कायद्याने दामदुप्पट मोडलेली नाही. पुढे १८७५ मध्ये सुप्याला खतपत्रे जळाली आणि १८७९ मध्ये दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्याने बंद केले. १९४६ च्या सावकारी कायद्यातही दामदुप्पट होती, २०१४ च्या कायद्यातही आहे.

मग बँकांनीच असे काय पुण्य केले? १९८४ साली बँकिंग कायद्यात कलम २१अ घातले. बँकेचा व्याजदर भरमसाट आहे म्हणून कोर्टाने व्यवहार उकरायचा नाही! लहान शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने मुद्दलाइतक्याच व्याजाची मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. पण विहिरीच्या, पिठाच्या गिरणीच्या, किराणा दुकानाच्या कर्जाने काय घोडे मारले?

कुणी म्हणेल, गुरुजी, हा ठेवीदारांचा पैसा आहे. मान्य. पण मर्यादा असली तर बँक वेळेत दारात येईल, खाते वर्षानुवर्षे सडू देणार नाही. त्यात ठेवीदाराचेच भले आहे. आणि ऐपत असून बुडवणाऱ्याची वकिली मी करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० मध्ये हाच भेद केला : केवळ देता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, देण्याची दानत नसेल तर गोष्ट वेगळी.

सावकाराला जो लगाम, तोच बँकेला हवा. व्याज घ्या, पण मुद्दलाच्या डोक्यावर चढू देऊ नका.

असो. पटले तर सांगा, नाही पटले तर नेसरीला या आणि खुशाल भांडा. चहा आमच्याकडे!